हितं चोरी झालीय

बारामतीतले आमचे शेजारी सोपानअण्णा बँडमास्तर. त्यांचा बँड रस्त्यानं निघाला की पुढच्या रांगेत, खुद्द अण्णांच्या ट्रम्पेटशेजारी, एका माणसाची जागा मोकळी असते. नवरदेवाचा एखादा उत्साही मामा नाचत नाचत तिथं घुसला, की अण्णा वाजवायचं थांबवून म्हणतात, "बाजूला व्हा पाव्हणं. हितं चोरी झालीय. पंचनामा व्हायचाय."

चोरी दिलीपची. अण्णांनी हाताला धरून क्लॅरिनेट शिकवलेला हा दिलीप इंदापूरच्या एका बँडमालकानं जास्त पगाराची फूस लावून नेला. जास्त मिळालं तर माणूस जाणारच, त्याच्याही घरी चूल आहे. पण सुपारी घेतलेल्या लग्नाच्या आदल्या दिवशी नेणं, याला धंदा म्हणत नाहीत. माझं डोकं आजही तापतं. अण्णांचं तर कायमच तापलेलं.

"म्हस नेतानाबी मालकाला इचारत्यात. ह्यानं माणूस नेला आन साधा निरोप न्हाय."

"मग तुम्हीही कुणाचा तरी क्लॅरिनेटवाला आणा की."

"म्हंजे मीबी उचल्या व्हू? मंग त्याला शिव्या कुठल्या तोंडानं देऊ?"

त्या शिव्यांपायी अण्णांनी निम्म्या सुपाऱ्या घालवल्या. क्लॅरिनेट नसलेला बँड कोण सांगतो? पुतण्याच्या लग्नाला मी मात्र हट्टानं त्यांनाच सांगितलं.

लग्न इंदापुरात. आमची वरात चौकात आली आणि समोरून दुसरी. तोच मालक, तोच दिलीप. दोन बँड समोरासमोर आले की जुंपायचीच. आमच्या वाजवणाऱ्यांनी बाह्या सरसावल्या. तिकडं दिलीपनं सूर लावला आणि क्लॅरिनेट चिरकलं. पुन्हा लावला, पुन्हा चिरकलं. मालक भर रस्त्यात त्याच्यावर खेकसला. मी मनात म्हटलं, अण्णा, आता सोडू नका.

अण्णांनी हात वर करून आपलाच बँड थांबवला आणि तरातरा पलीकडं गेले.

"नेला तर नेला, वर त्याच्यावर वरडतोस व्हय रं? क्लारनेटच्या तोंडातली फुंकायची पत्ती चिरलीय, ती दिसंना तुला?"

मग कोटाच्या खिशातून डबी काढून त्यांनी नवी पत्ती दिलीपच्या हातावर ठेवली. दिलीपनं मान वर केली नाही.

"लाव. आन येळंवर जेवत जा."

परत येऊन ते आपल्या ठिकाणी उभे राहिले, शेजारची जागा तशीच सोडून. दिलीपचं गाणं संपेपर्यंत त्यांनी आमच्या बँडाला वाजवू दिलं नाही.

ती डबी कधीपासून खिशात होती, हे मी विचारलं नाही. अण्णा ट्रम्पेट वाजवतात. ट्रम्पेटला पत्ती लागत नाही.