एकटी माणसं पाहिजेत

मानसशास्त्र विभागात तिला सगळे धाकटी म्हणत, कारण संशोधन करणाऱ्यांत तीच वयाने लहान होती. म्हातारपणीचा एकटेपणा हा तिचा विषय, आणि त्यासाठी तिला खरोखर एकटी माणसं हवी होती. अट कडक होती. मागच्या आठवड्यात ज्यांचं कुणाशीही मनमोकळं बोलणं झालेलं नाही, असेच लोक घ्यायचे. एकदा मुलाखत घेऊन निवडायचे, पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावून खात्री करायची.

"या महिन्यात माणसं जमली नाहीत तर विषय बंद," मोठे सर म्हणाले होते. "मग घरी जाऊन स्वेटर विणा."

त्या काळी घरोघरी फोन नव्हते. धाकटीने पत्रं पाठवून प्रत्येकाला वेगळी वेळ दिली. पण म्हातारी माणसं वेळेवर येतच नाहीत, वेळेच्या कितीतरी आधी येतात. दुपारी बोलावलेले शिंपीकाका सकाळीच हजर झाले. त्यांच्याआधी निवृत्त नर्सबाई येऊन बसल्या होत्या, आणि त्यांच्याही आधी पोस्टमास्तर. खोलीबाहेर बाकडं एकच.

"सरका जरा," शिंपीकाका म्हणाले.

"सरकते, पण गुडघा दुखतोय माझा."

"डावा का? माझाही डावाच."

झालं. दोन डाव्या गुडघ्यांची ओळख पटायला कितीसा वेळ लागतो? आत धाकटी एकेकाचा एकटेपणा मन लावून तपासत होती आणि बाहेर तो भराभर आटत होता. सगळे निवडले गेले. धाकटी हरखली.

पंधरा दिवसांनी तिने नर्सबाईंना विचारलं, "मागच्या आठवड्यात कुणाशी मनमोकळं बोलणं?"

"रोजच. मास्तर येतात, काका येतात. काकांनी माझ्या खिडकीला पडदे शिवून दिले."

धाकटीने त्यांचं नाव यादीतून खोडलं. मास्तर आणि काका बाद, त्यांच्या मागचेही बाद. तिने नवी माणसं बोलावली. तीही वेळेआधी आली, आणि बाकड्यावर जुनी मंडळी आधीच बसलेली.

"तुम्ही कशाला आलात?" धाकटी रडकुंडीला आली.

"तुला मदत करायला. नवीन माणसं बावरतात गं," नर्सबाई म्हणाल्या.

त्या मदतीने नवेही बाद झाले. महिना संपत आला. धाकटीचे डोळे सुजलेले पाहून बाकड्यावर खलबत झालं.

"पोरीचं वाटोळं केलं आपण," मास्तर म्हणाले. "आता एकच उपाय. खोटं बोलायचं."

शेवटच्या दिवशी मोठे सर जातीने तपासायला आले. त्यांनी पहिल्यांदा नर्सबाईंना आत बोलावलं.

"कुणाशी बोलता?"

"कुणाशी नाही. भिंतीशी."

"कोणी येतं घरी?"

"चिटपाखरू नाही."

"नक्की?"

"खोटं वाटत असेल तर बाहेर मास्तरांना विचारा. रोज संध्याकाळी माझ्याकडेच असतात ते."

दाराबाहेर कोणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला. सरांनी दार उघडलं. दाराला कान लावून उभे असलेले शिंपीकाका जवळजवळ त्यांच्या अंगावरच आले.

"हा काय प्रकार आहे?" सरांनी धाकटीकडे पाहिलं.

धाकटीने सगळं खरं सांगून टाकलं. "सर, मी एकटी माणसंच निवडली होती. पण ती इथे येऊन बसतात आणि एकटी राहत नाहीत."

सरांनी चष्मा पुसला, परत लावला. "मग हाच विषय घ्या की," ते सावकाश म्हणाले. "एकटेपणा जातो कसा? पण त्यासाठी नव्याने माणूस हवा. कोणाशी न बोलणारा. तो इथे बसवायचा आणि काय होतं ते बघायचं. असा माणूस आता कुठून आणणार?"

बाकड्यावरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. मग नर्सबाईंनी गुडघा सांभाळत सरकून जागा केली.

"सर, जेवता कोणाबरोबर तुम्ही?"

"माझ्या खोलीत. वाचत वाचत."

"आणि घरी?"

"घरीही वाचतोच," सर म्हणाले. "बाई, मला अजिबात वेळ नाही."

आणि बसले.

"गुडघा कुठला दुखतो?" शिंपीकाकांनी विचारलं.

धाकटी हळूच आत जाऊन कोरा कागद घेऊन आली.

"उजवा," सर म्हणाले. "पण त्याची एक हकीकत आहे."