समितीपुढची कोंबडी

विधानभवनात समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसून नॉरीन हॅस्केट आपले भाषण पुन्हा पुन्हा वाचत होती. भाषण तीन मिनिटांचे होते आणि ते तिने लिहिलेले नव्हते. ते वांडा क्लोपेकने लिहिले होते.

वांडा राज्यातल्या चित्रोपचारकांच्या, म्हणजे रुग्णांना चित्रे काढायला लावून उपचार करणाऱ्यांच्या, संघटनेची अध्यक्ष. संघटनेत माणसे मोजकीच, पण सभा चालवायला वांडाने एक लाकडी हातोडी आणली होती. कोणी मध्ये बोलले की चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून ती हातोडी टेबलावर आपटत असे. सभेच्या बिस्किटांपासून विधेयकाच्या मसुद्यापर्यंत सगळे ती स्वतःच करायची, आणि दुसरे कोणी काहीच करत नाही म्हणून दुःखही स्वतःच करायची.

राज्यात न्हाव्याला परवाना लागत होता, नखे रंगवणारीला लागत होता, कुत्र्याला दफन करणाऱ्यालाही लागत होता. चित्रोपचारकाला लागत नव्हता; तो लागावा म्हणून हे विधेयक होते. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी वाइन पीत सूर्यास्त रंगवायचे जिथे वर्ग चालत, तिथेही बाहेर ‘चित्रोपचार’ अशी पाटी असे. नॉरीन पक्षाघाताच्या रुग्णांच्या इस्पितळात काम करी. इस्पितळाने तिला स्पष्ट सांगितले होते की परवाना नसलेल्यांचे बिल विमा कंपन्या मंजूर करत नाहीत. कायदा झाला नाही, तर उन्हाळ्यापासून तिचे टेबल करमणूक विभागात जाईल. करमणूक विभाग म्हणजे बिंगो.

त्या टेबलावर ओटिस ब्रीमर बसायचा. झटका आल्यापासून या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डाव्या हाताने तो एकच लाल कोठार काढत राहिला, दार नसलेले. एके दिवशी त्याने दार काढले आणि म्हणाला, “उघडं.” ते चित्र समितीला दाखवायची परवानगी त्याने दिली होती, फक्त नाव सांगायचे नाही. सुनावणी टीव्हीवर थेट दाखवतात. ब्रीमर इस्तरीचा शर्ट घालून सकाळपासून टीव्हीपुढे बसला होता.

घोटाळा झाला तो बॅगांमुळे. ‘आपण एकसारखे दिसलो पाहिजे’ म्हणून वांडाने सगळ्यांना चित्रे ठेवायच्या सारख्याच काळ्या बॅगा घ्यायला लावल्या होत्या. नॉरीनने दोन घेतल्या. एकीत रुग्णांची चित्रे, दुसरीत स्वतःची. या व्यवसायात एक रीत आहे: दिवस जड गेला की उपचार करणाऱ्यानेही आपले एक चित्र काढायचे, म्हणजे मनातले कागदावर राहते, घरच्यांवर निघत नाही. ही चित्रे कोणाला दाखवायची नसतात. नॉरीनची गेल्या वर्षातली बरीचशी चित्रे संघटनेच्या सभांनंतर काढलेली होती.

“तू बोलायच्या टेबलाशी बस,” आत बोलावल्यावर वांडा म्हणाली. “चित्र मी लावते. तू वाकडं लावशील.”

स्टँडचे तोंड समितीकडे होते आणि पाठ नॉरीनकडे. वांडाने बॅगेतले सर्वांत वरचे चित्र काढले. गोपनीयतेमुळे तिने ब्रीमरचे चित्र कधी पाहिलेच नव्हते; भाषणही नॉरीनने दिलेल्या, कोठार हा शब्दच नसलेल्या टिपणावरून लिहिले होते. “जोरदार आहे गं!” ती नॉरीनच्या कानाशी पुटपुटली. “आता वर बघू नकोस. लिहिलंय तेवढं वाच.”

नॉरीनने लिहिले होते तेवढे वाचले.

“हे चित्र काढणारी व्यक्ती माझ्याकडे आली तेव्हा बोलत नव्हती. चित्राच्या मधोमध जे दिसतंय, तेच तिचं सर्वस्व होतं. लहानपणी रोज पहाटे उठून ती त्याच्यात शिरायची.”

समितीतल्या एका सदस्याला ठसका लागला.

“त्याचा उबदार वास अजूनही तिला आठवतो. त्याचं दार उघडायला आम्हाला अख्खा हिवाळा लागला.”

आता दोन सदस्य टेबलाखाली काहीतरी शोधू लागले. समितीचे अध्यक्ष सिनेटर रॉइस हॅगबर्ग मात्र हसत नव्हते. हॅगबर्ग कुठल्याही परवान्याच्या विरोधात असत. ‘उद्या नातीनं खडू हातात घेतला तर तिलाही परवाना काढायला सांगाल’ हे त्यांचे वाक्य सकाळीच बातम्यांत आले होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणून, सभागृहाची हातोडी मुठीत धरून ते चित्राकडे टक लावून पाहत होते.

“बाई,” ते म्हणाले, “जरा इकडे येऊन दाखवाल का, दार नेमकं कुठं आहे?”

नॉरीन उठून पुढे गेली आणि वळली. स्टँडवर नारिंगी रंगाची एक लठ्ठ कोंबडी बसली होती. चोचीच्या शेंड्यावर चष्मा, एका पायात लाकडी हातोडी, अंगाखाली गावभरची अंडी. कोपऱ्यात एक बुटकी करडी बाई बिस्किटांचे ताट घेऊन उभी होती. बाईला तोंड नव्हते.

नॉरीनचे कान तापले. खरे सांगावे, तर ज्या बाईला स्वतःच्या दोन बॅगा ओळखता येत नाहीत तिला सरकारने परवाना का द्यावा? आणि ते वांडाच्या देखत सांगायचे. तिने तोंड उघडले आणि इतक्या वर्षांच्या सवयीने जे बाहेर पडायचे तेच पडले.

“चित्र कोणाचं आहे ते मला सांगता येणार नाही.”

“बरं. अर्थ तरी सांगा. त्यालाच परवाना पाहिजे म्हणता ना?”

“अर्थ आम्ही सांगत नाही. काढणाऱ्यालाच विचारतो.”

“म्हणजे प्रश्न विचारायचा परवाना?” हॅगबर्ग म्हणाले. “तसा आम्हाला निवडून आल्यावर फुकट मिळतो.”

खोली हसली. विधेयक बुडताना दिसले की वांडा बसून राहणाऱ्यांतली नव्हती. ती माइकपाशी पोहोचलीसुद्धा.

“अध्यक्षमहाराज, मी सांगते. तिसाव्या वर्षापासून हेच करतेय.” तिने चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला. “ही कोंबडी म्हणजे घरातली सत्ता. अंडी सगळ्यांची, बसलीय एकटी. दुसऱ्या कोणाला ऊब देता येते यावर तिचा विश्वासच नाही. हातोडी बघा. पक्ष्याला हातोडी कशाला लागते? कोणी आपलं ऐकत नाही अशी भीती असली की लागते.”

“वांडा, बसा ना,” नॉरीन पुटपुटली.

“मध्ये बोलू नकोस. आणि ही कोपऱ्यातली. रोज हिच्या हातचं खातात आणि हिला तोंड आहे की नाही ते कोणी बघितलेलं नाही. माझं स्पष्ट मत आहे, या कोंबडीबरोबर राहणं फार कठीण आहे. आणि वाईट म्हणजे, कोंबडीला याचा पत्ता नाही.”

खोली शांत झाली. वांडाला ती शांतता आपल्या वक्तृत्वाची दाद वाटली. हॅगबर्ग यांनी हातातली हातोडी आवाज न करता टेबलावर ठेवली, मग चष्मा काढून खिशात घातला. “थोडी विश्रांती,” ते म्हणाले.

पाणी प्यायच्या नळापाशी त्यांनी नॉरीनला गाठले.

“बाई, एकच विचारतो. आमची मंडळी दर गुरुवारी तुमच्या इस्पितळात येतात. हात सुधारायला. चित्रबित्र काढतात म्हणे. हे त्यांचं आहे का?”

“माझ्याकडे कोण येतं आणि कोण येत नाही, हे मी सांगू शकत नाही, साहेब.”

सिनेटरांच्या पत्नी तिच्या टेबलावर बसत होत्या की नव्हत्या, हे इथेही सांगता येणार नाही. पण हॅगबर्ग यांना उत्तर मिळाल्यासारखे वाटले. ते भिंतीला टेकले.

“जेवताना मी टेबलावर हात आपटतो. सवय आहे. ती बिस्किटं करते, माझे लोक येतात, खातात. ती काय बोलते ते मी…” ते थांबले. “चाळीस वर्षं. आणि अख्ख्या समितीनं बघितलं.”

नॉरीनला कळले की आता गप्प राहिले तर विधेयक पास होणार. ब्रीमरचे टेबल वाचणार. आणि आज रात्री एका बाईला तिच्या घरी, तिने न काढलेल्या चित्राचा जाब द्यावा लागणार.

“साहेब, चित्र माझं आहे,” ती म्हणाली. “बॅग चुकली. मी काढलंय ते. तुमचा त्याच्याशी काहीही संबंध नाही.”

हॅगबर्ग भिंतीपासून सरळ झाले.

“तिला वाचवायला तुम्ही स्वतःवर घेताय,” ते म्हणाले.

“अहो, नाही! खरंच माझं आहे. लाज वाटते सांगायला, पण माझंच आहे.”

“कळलं, बाई. कळलं.” आणि त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला.

सुनावणी पुन्हा सुरू झाल्यावर नॉरीनने माइकपाशी जाऊन, नोंदीत यावे म्हणून, सावकाश सांगितले की दाखवलेले चित्र कोणा रुग्णाचे नाही, तिचे स्वतःचे आहे, आणि चुकीबद्दल ती समितीची माफी मागते. बोलताना तिचा चेहरा लाल झाला होता. हॅगबर्ग यांनी सहकाऱ्यांकडे पाहून मान हलवली.

“समितीला समजलं आहे,” ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. “परवाना नसलेल्या माणसानं नाव सांगून टाकलं असतं. अशी माणसं राज्याला पाहिजेत. मी एक दुरुस्ती सुचवतो. अशी चित्रं कुलपात ठेवावीत. दोन कुलपांत.”

विधेयक एकमताने पुढे गेले. नॉरीनचे म्हणणे त्या खोलीत फक्त एका माणसाला खरे वाटले होते, आणि तो माणूस बाकावर मांडीवर पर्स घेऊन, चष्मा काढून, ताठ बसला होता.

दोघी आल्या होत्या वांडाच्या गाडीतून, आणि परत जायलाही तीच गाडी होती. शहर संपले, कापलेल्या मक्याची शेते सुरू झाली, तरी वांडा बोलली नाही. इतकी शांतता नॉरीनने त्या गाडीत कधी ऐकली नव्हती. पेट्रोल भरायला थांबल्यावर तिने वॉर्डात फोन केला.

“ब्रीमर काय म्हणतात?”

“काही नाही,” नर्स म्हणाली. “कोठार कधी येतंय म्हणून शेवटपर्यंत बघत होते. टीव्ही बंद केला तेव्हा ‘कोंबडी’ म्हणाले. नवा शब्द आहे. लिहून ठेवू का?”

“ठेव,” नॉरीन म्हणाली आणि इस्तरीचा तो शर्ट डोळ्यांपुढे येऊन तिची मान आणखी खाली गेली.

गाडीत वांडाने दोन कॉफ्या आणून ठेवल्या होत्या. नॉरीनच्या कपात न विचारता साखर घातलेली होती. नॉरीन साखर घेत नसे. ती निमूट प्यायली.

“माझा चष्मा इतका खाली असतो?” वांडाने समोर बघत विचारले.

“वांडा, मला खरंच माफ करा. ते कोणी बघायचं नव्हतं. एका वाईट दिवशी…”

“रंग बरा वापरलायस. नारिंगी.” वांडाने गाडी रस्त्यावर घेतली. पुष्कळ वेळाने ती म्हणाली, “आपण अर्थ सांगत नाही, काढणाऱ्याला विचारतो. मीच शिकवलंय तुम्हाला ते, आणि आज मीच विसरले. म्हणून विचारते. खरं सांग हं, मी ऐकतेय. ती कोपऱ्यातली करडी बाई तू ना?”

“हो.”

“मग तिला तोंड का नाही?”

नॉरीनने कप खाली ठेवला. आता इतक्या वर्षांचे सगळे सांगायचे होते. तिने तोंड उघडले.

“थांब,” वांडा म्हणाली, “मीच सांगते,” आणि गाव येईपर्यंत सांगत राहिली.