टेकडीवरचा हळू आवाज

एका जंगलात एक टेकडी होती आणि टेकडीखाली ओढा होता. जंगल कुठलं ते विचारू नका, पोरांनो. टेकडी आणि ओढा सगळीकडेच असतात. विचारायचंच असेल तर आपण कुठं राहतो ते आपल्या मनाला विचारा आणि गप ऐका.

ओढ्याच्या वाळूत धुरपदा नावाची टिटवी राहायची. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर चार खडे इकडचे तिकडे करते आणि तिथंच अंडी घालते. घर नाही, दार नाही, कडी नाही. तिचा गळा हीच तिची कडी. कुणी जवळ आलं की अशी ओरडते, की येणारा कान पाडून माघारी वळतो.

पण पुराच्या पाण्याला कुठं कान असतात? लागोपाठ दोनदा तिची अंडी वाहून गेली. तिसऱ्यांदा अंडी घालायची वेळ आली तेव्हा ती नवऱ्याला म्हणाली, "बास झालं. मी टेकडीवर जाते."

"तिथं आपल्याला कोण उभं करतंय?" नवरा म्हणाला. "शिष्ट मंडळी ती."

"असू देत शिष्ट. जमीन कोरडी आहे ना?"

आणि ती गेली.

टेकडीवर कुणाला घ्यायचं, कुणाला नाही, ते मृणालिनीबाई हरिणी ठरवायच्या. "या ना, या," त्या इतक्या हळू म्हणाल्या, की धुरपदाला मान पुढं काढावी लागली. "आमच्याकडे उच्च-नीच मुळीच नाही हं. आम्ही मानतच नाही. फक्त वातावरण तेवढं जपतो."

"म्हंजे काय करायचं?"

मृणालिनीबाईंनी डोळे मिटून घेतले. "हेच. इतकं मोठ्यानं नाही बोलायचं."

टेकडीची रीतच तशी होती. ज्याचं घराणं मोठं, त्याचा आवाज लहान. भूक लागली तर 'तसं काही नको' म्हणायचं. कंटाळा आला तर 'किती छान' म्हणायचं. पाय मोडला तर 'जरासं लागलंय' म्हणायचं. शशांकराव ससे तर इतके खानदानी, की नुसते ओठ हलवायचे. ते काय बोलतात हे कधीच कुणाला कळलं नाही. म्हणून सगळे त्यांना विचारवंत म्हणत.

एकटे नीलकंठराव मोर तेवढे ओरडायचे. ढग आले की टेकडी दणाणून सोडायचे. पण त्याला ओरडणं म्हणत नसत. त्याला केका म्हणत. मोठ्यांच्या घरी प्रत्येक गोष्टीला वेगळं नाव असतं.

धुरपदा हळू बोलायला शिकली. गळ्यात गोटा अडकल्यासारखं व्हायचं, पण शिकली. कोरड्या जमिनीवर तिनं चार अंडी घातली.

एका संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली सगळी मंडळी जमली होती. मृणालिनीबाई आपल्या माहेरच्या कुरणाबद्दल सांगत होत्या. धुरपदा कडेला उभी होती. तेवढ्यात तिला गवतात शेपूट दिसलं. मुंगूस! थेट अंड्यांच्या रोखानं.

तिचा गळा फुगला. पण वातावरण होतं ना.

"माफ करा हं," ती पुटपुटली, "जरासं मुंगूस आलंय."

"किती छान," मृणालिनीबाई म्हणाल्या.

"माझ्या अंड्यांपाशी आलंय हो. प्लीज."

"आपण नंतर बोलू या का?" नीलकंठराव म्हणाले. "ताई सांगतायत ना."

तेवढ्यात कवच फुटल्याचा आवाज आला. लहानसा आवाज. टेकडीला शोभेल असा.

मग मात्र धुरपदा ओरडली. कशी ओरडली म्हणता! मोहाची पानं थरारली. मुंगूस दुसऱ्या अंड्याला लावलेलं तोंड काढून पळालं. मृणालिनीबाईंच्या पाडसावर टपलेला एक बिबट्या झुडपात दडला होता, तोही वैतागून उठून गेला. सगळं जंगल जागं झाल्यावर शिकार कसली करायची?

दुसऱ्या दिवशी टेकडीवर बैठक बसली. तुम्हाला वाटेल, धुरपदाचा सत्कार करायला. भोळे रे भोळे.

"तुमचे आभार आहेतच," मृणालिनीबाई म्हणाल्या. "पण सांगायची काही पद्धत असते. त्यातून टिटवीचं ओरडणं अशुभ समजतात."

"अशुभ आधी येतं, बाई. मी मागनं ओरडते," धुरपदा म्हणाली. आता ती पूर्ण गळ्यानं बोलत होती. "पण तुम्हाला ते दिसत नाही, मी दिसते. माझं अंडं मुंगसानं नाही खाल्लं, तुमच्या वातावरणानं खाल्लं. राहिलेली तीन फुटेपर्यंत मी हितंच हाय, आणि ओरडणार हाय. ज्याला सोसत नसंल त्यानं कानात बोटं घालावीत."

बोटं कुणालाच नव्हती. त्यामुळे सगळ्यांना ऐकावं लागलं.

तिन्ही अंडी फुटली. टिटवीची पिल्लं अंड्यातून निघाली की लगेच पळू लागतात. आता पूर आला तरी पळायला त्यांना पाय होते. धुरपदा त्यांना घेऊन ओढ्यावर उतरली. कुणी 'राहा' म्हणालं नाही. ती कुणाला 'येते' म्हणाली नाही.

पण टेकडीला घोर लागला. बिबट्याचे ठसे पुन्हा दिसू लागले.

"तिला बोलवायचं का?" कुणीतरी हळूच विचारलं.

"ती आली तर ओरडेल," नीलकंठराव म्हणाले.

"ओरडायलाच तर हवंय."

यावर पुष्कळ विचार झाला. शेवटी असं ठरलं, की ओरडणं घ्यावं, टिटवी घेऊ नये. मृणालिनीबाईंनी क्लास काढला. त्याला नाव दिलं 'टिट्टिभनाद'. टेकडीवरची पोरं सकाळी आंघोळी करून, रांगेत बसून ओरडायला शिकू लागली. आधी मंद्र, मग मध्य, मग तार.

धुरपदाची एक पोर गंमत बघायला वर गेली आणि तिनंही एक आवाज लावून दाखवला. मृणालिनीबाईंनी प्रेमानं तिच्या डोक्यावरून नाक फिरवलं. "गोड आहेस गं. पण अजून अस्सल नाही."

पोर घरी येऊन रडली. धुरपदा म्हणाली, "रडू नगंस. मुंगूस आलं की त्याला विचार, अस्सल कुठलं ते."

मग क्लासचा वार्षिक कार्यक्रम झाला. तिन्हीसांजेची वेळ. मोहाखाली सगळी टेकडी लोटली. एक तरुण भेकर ओरडायला उभं राहिलं. त्यानं पहिलाच सूर लावला आणि त्याला समोर, रसिकांच्या मागं, बिबट्या दिसला. खराखुरा.

भेकर ओरडलं. जीव तोडून ओरडलं.

"वा!" नीलकंठराव म्हणाले. "काय आर्तता!"

भेकर आणखी ओरडलं. "पळा! पळा!"

"शब्दही घातलेत," मृणालिनीबाई शेजारणीच्या कानात म्हणाल्या. "प्रयोगशील आहे."

खाली ओढ्यावर धुरपदाच्या पोरीनं मान वर केली. "आई, ते गाणं म्हणतायत का गं?"

धुरपदानं क्षणभर ऐकलं. "गाणं नाही ते. पळा!"

आणि नवऱ्यासकट ती सगळी वाळूतून वाऱ्यासारखी पळाली.

वर टाळ्या चालूच होत्या. बिबट्या मात्र खरोखरच उच्च-नीच मानणारा नव्हता. टाळ्या थांबल्या तेव्हा पुढच्या रांगेतली मधली, मानाची जागा रिकामी होती. शशांकरावांची.

सगळ्यांनी खाली बघितलं. मग कार्यक्रम उत्तम झाला, असं एकमेकांना हळू आवाजात सांगून मंडळी घरोघर गेली.

तात्पर्य : संकट दिसलं की ओरडावं, असं तुम्हाला शाळेत शिकवतील. घाई करू नका. आधी आपलं घर कुठलं ते बघा. खालच्या अंगाचे असाल तर खुशाल बोंब मारा. लोक नावं ठेवतील, पण तुमची पोरं जगतील. वरच्या अंगाचे असाल तर मुकाट्यानं बिबट्याच्या तोंडी जा. जीव काय, किडामुंगीलाही असतो. वातावरण सगळ्यांकडे नसतं.