यल्लव्वा वेळेवर गेली नाही

डॉ. प्रणिताची बढती यल्लव्वामुळे अडली होती. बसवनगुडीच्या एका संशोधन संस्थेत प्रणिताने उमेदीची वर्षं घालवून एक चाचणी तयार केली होती: गाठीतली जनुकं पाहून कॅन्सरचा रुग्ण किती काळ जगेल, हे सांगणारी. बाकीचे रुग्ण चाचणीच्या शब्दाबाहेर गेले नाहीत. यल्लव्वा मात्र मुदत उलटली तरी दर महिन्याला आनेकलहून बसने येई, गोळ्या नेई आणि वर प्रणितासाठी अवरेकाईच्या शेंगा आणी.

"एका बाईच्या हट्टापायी सगळं संशोधन अडलंय," संचालक अरविंद सर म्हणाले. "चाचणी चुकली असं म्हणायचं का?"

"छे छे, सर!" प्रणिता घाईने म्हणाली. प्राध्यापकाची खुर्ची हाताच्या अंतरावर होती.

समिती बसली. चाचणीला तज्ज्ञांची मान्यता होती. यल्लव्वाच्या जगण्याला कोणाचीच नव्हती. सबब तिला दिवंगत समजावं, असं एकमताने ठरलं. प्रणितानेही हात वर केला. मग औषध विभागाच्या महांतेशनी रीतसर शंका काढली, की दिवंगतांना गोळ्या देता येतात का? येत नाहीत. गोळ्या बंद झाल्या.

यल्लव्वा औषधाच्या खिडकीवरून थेट प्रणिताकडे आली. "अक्का, मी मेलो म्हणतात की ओ! सकाळी भाकरी खाऊन आलो मी. गोळ्या नाहीत तर खरंच मरतो की."

प्रणिताने घड्याळाकडे पाहिलं. "स्वल्प थांबा. आज माझ्या बढतीचा सत्कार आहे. तो झाला की पहिलं तुमचंच काम."

"सरी, अक्का, थांबतो की," म्हणत यल्लव्वा सभागृहात मागच्या रांगेत बसली.

सत्काराआधी अरविंद सरांनी संशोधनाच्या कामी आलेल्या दिवंगत रुग्णांची नावं वाचली आणि दोन मिनिटं शांतता पाळायची विनंती केली. सगळे उठले. स्वतःचं नाव ऐकून यल्लव्वाही उठली. चारचौघांत बसून राहणं बरं दिसत नाही. शेजारच्या महांतेशनी तिला ओळखलं आणि मान आणखी खाली घातली. व्यासपीठावरून प्रणिताने तिला पाहिलं. ओरडून सांगावं असं तिला फार वाटलं, पण शांतता पाळताना बोलणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. मग हार आले, टाळ्या झाल्या, आणि तोवर औषधाची खिडकी बंद झाली.

प्रणिताला खुशाल नावं ठेवा. पण यल्लव्वाशेजारची खुर्ची तुमची असती, तर तुम्हीही मान खाली घालून दोन मिनिटं संपायचीच वाट पाहिली असतीत.