गुळगुळीत ओढा आणि मरळीची साक्ष

एका जंगलात, पोरांनो, एक ओढा होता आणि त्यात सगळ्या जंगलाचं सांडपाणी जायचं. हसू नका, तुमचंही कुठेतरी जातंच.

तिथला राजा होता गवा. त्याने सांडपाणी गाळायला मोठा हौद बांधला. पाणी आता स्वच्छ दिसायचं. तरी डोळ्यांना न दिसणारी थोडी घाण उरायचीच.

जंगलात गणित येणारा एकटाच, साळिंदर. अंगावरचा काटा उपसायचा आणि लिहायचा. त्याने ओढ्याचं गणित मांडलं.

"महाराज, उरलेली घाण जंतू खातात आणि खाताखाता पाण्यातली हवा संपवतात. तिसऱ्या वळणावर हवा सगळ्यात कमी होणार. पण वाटेत दगड आहेत. पाणी त्यांच्यावर आपटतं, फेसाळतं, हवा परत घेतं. मासे जगतील."

"शाब्बास!" गव्याने कागदावर खुराचा ठसा मारला.

पुढे शेजारच्या जंगलातून पाहुणे यायचं ठरलं. गव्याला ओढा एकदम खडबडीत दिसायला लागला.

"आरशासारखा करा रे!"

हत्तींनी दोन दिवसांत झाडून सगळे दगड काढले. पाणी गप्प झालं.

तिसऱ्या वळणावर खवली नावाची मासोळी राहायची. सकाळी बघते तर तिची पिल्लं वर येऊन तोंडं वासताहेत.

"साळिंदरभावजी, लेकरांना श्वास पुरेना हो!"

साळिंदराने गणित पुन्हा मांडलं. मांडतामांडताच त्याचे काटे उभे राहिले. तो तडक राजाकडे गेला.

"महाराज, दगड परत टाका. नाहीतर पिल्लं दोन दिवस काढायची नाहीत."

"तूच लिहिलंयस ना, मासे जगतील?"

"तेव्हा दगड होते!"

"कागदावर अजून आहेत की. हे काय इथे!"

"मासे कागदात राहत नाहीत, महाराज."

"फार बोलतोस. बरं, साक्ष काढू. वळणावरचा एखादा जाणता मासा बोलवा."

दरबार वळणाच्या काठावरच भरला. साक्षीला मरळ आली. आता मरळीचं असं असतं बरं का, ती पाण्याबाहेर तोंड काढून थेट वरची हवा घेते. ओढ्यात हवा असली काय नि नसली काय, तिला सारखंच. शिवाय गुदमरून सुस्तावलेली पिल्लं आयती तोंडाशी.

"मरळबाई, श्वासाचा काही त्रास?"

"छे हो! उलट बाळसं धरलंय मी."

"वळणावरच राहता ना?"

"जन्मापासून."

खवली कळवळली, "अगं मावशे, खरं बोल की! माझी सतराच उरलीत!"

"सोळा," मरळ म्हणाली, आणि तिने ढेकर दिला.

साक्ष संपली. दगड काठावरच राहिले.

पाहुणे आले. आरशासारख्या पाण्यावर इवलीइवली तोंडं उघडमीट करत होती.

"काय म्हणतायत ही?" पाहुण्यांनी विचारलं.

"माझा जयजयकार," गवा म्हणाला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि आपल्याकडचेही दगड काढायचं तिथेच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाण्यावर एकही तोंड नव्हतं. मरळीला ओढ्याची हवा-निरीक्षक नेमलं. खवली एकटीच धारेविरुद्ध पोहत हौदाच्याही वर, सांडपाणी मिसळायच्या आधीच्या पाण्यात निघून गेली.

तात्पर्य : ज्या पाण्याबद्दल साक्ष द्यायची, त्या पाण्यात श्वास घेऊ नये. आवाज खणखणीत लागतो, आणि बढतीही लवकर मिळते.