गलोशांचा लाल बाण

"यात गलोश कुठंय?" जाहिरातीच्या पोस्टरकडे बघत कुझ्मा इग्नातिचनी विचारलं. ते सरकारी रबरमालाच्या दुकानाचे व्यवस्थापक, आणि दुकानात बुटांवर चढवायच्या रबरी गलोशांचा ढीग पडून होता.

"हा काय, कोपऱ्यात," पोस्टर रंगवणारा अर्सेनी म्हणाला.

"आणि हा एवढा थोरला लाल बाण?"

"कॉम्रेड, गलोश लोकांनी जन्मभर पाहिलेत. दिशा कुणी दाखवलीय का त्यांना?"

अर्सेनी मॉस्कोच्या नव्या कलाशाळेतून नुकताच शिकून बाहेर पडला होता, आणि सरळ रेघ दिसली की त्याचं डोकं उठायचं. बाण तिरका, अक्षरं तिरकी: "पाय कोरडे हवेत? इकडे!"

"माल खपला नाही, तर सोमवारपासून तू घरी," व्यवस्थापकांनी बजावलं. पण बाण काही अर्सेनीने बोटभरही लहान केला नाही.

पोस्टर दुकानाच्या डावीकडे लावायचं ठरलं होतं. तिथे नाटकांच्या जाहिराती होत्या, म्हणून चिकटवणाऱ्याने ते उजवीकडे लावलं आणि तो चहाला गेला. आता बाणाने दुकानाकडे पाठ फिरवली आणि शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे दातांच्या डॉक्टर बेर्ता मोइसेयेव्हना बसत.

दाराबाहेर दोन पेशंट गाल धरून उभे होते. मॉस्कोत दोघे एकामागे एक दिसले, की तिसरा आधी रांगेत शिरतो आणि मग चौकशी करतो. दुपारी रांग कोपऱ्यावरून वळली.

"काय देतायत हो?"

"गलोश. बाण दिसत नाही का?"

"मग लोक रडत का बाहेर येतायत?"

"सरकारी माल आहे, आजोबा! आधी तपासणी असणारच."

हे सगळ्यांना पटलं. आजोबा आत गेले, एक दाढ देऊन आले आणि गलोशांची पुढची खिडकी शोधू लागले.

इकडे दुकानात माशा मारून कंटाळलेले कुझ्मा इग्नातिच अर्सेनीचं बखोट धरून धावत आले आणि गिऱ्हाईकं परत आणायला थेट डॉक्टरांच्या दारात घुसू लागले.

"ओ काका, रांग आहे!"

"अहो, मी व्यवस्थापक!"

"मग तर सगळ्यात मागं!"

संध्याकाळी मागच्यांनी दोघांना आत ढकललं, आणि व्यवस्थापक धपकन खुर्चीत पडले.

"या गाढवाला मी नोकरीवरून..." ते आ वासून ओरडले.

"अगंबाई, कसली किडलीय ही!" बेर्ता मोइसेयेव्हनांनी चटकन दाढ चिमट्यात धरली. "बाण या पोराचा ना? वर्षभरात नाहीत एवढे पेशंट आले आज. कामावर ठेवताय ना याला?"

"आं! आं!"

"नीट सांगा बरं," म्हणत त्यांनी चिमटा जरासा पिळला.

कुझ्मा इग्नातिचनी जोरजोरात मान डोलावली. तेवढ्यानेच दाढ निघाली.