सटवाजी तटावरून उतरत नाही

एका जंगलात उंबराचं एक झाड होतं. त्याच्या एका पानात एक पेशी होती. पेशी म्हणजे काय, असं विचारू नका. डोळ्यांना न दिसणारं गाव म्हणजे पेशी, एवढं आज पुरे. उरलेलं शाळेत शिकवतील आणि तुम्ही विसराल.

या गावाला तट होता. तटावर हाकारे बसत. बाहेरून चोर जंतू आला, की आत हाक द्यायची, हे त्यांचं काम. हाक ऐकली की गावाच्या मधोमध बसलेले केंद्रकराव हुकूम सोडत. मग खिडक्या बंद होत आणि चोरावर विषाच्या पिचकाऱ्या उडत.

गावाची एक रीत होती. हाक आत पोचली, की झुलाबाई जाळीची झोळी घेऊन यायची आणि हाकाऱ्याला झोळीत घालून आत ओढायची. धडधाकट असला तर तो पुन्हा तटावर जाई. थकला असला, तर गावाच्या पोटात एक आंबट तळं होतं, तिथे विरघळे. त्याच्या चुऱ्यातून नवा हाकारा घडवत. कोणाची तक्रार नव्हती, कारण तक्रार करायचं कोणाला सुचलंच नव्हतं.

ते सटवाजीला सुचलं.

सटवाजी हाकाऱ्याने एका सकाळी खरोखरच चोर हुडकला. चोर सगळा लपला होता, पण त्याची शेपटी वळवळत राहिली. सटवाजी ओरडला, खिडक्या लागल्या, पिचकाऱ्या उडाल्या, चोर पळाला. आता आपला सत्कार होणार, असं सटवाजीला वाटलं. आली मात्र झुलाबाई.

"चला, सटवाजीराव. पाय आत घ्या."

"का म्हणून? चोर मी दाखवला आणि आत मलाच टाकता?"

"रीत आहे."

"ही रीत नव्हे, अपमान आहे. आणि त्या तळ्यात मला जायचं नाही."

खरी गोष्ट शेवटच्या वाक्यात होती. सटवाजी तळ्याला भ्यायला होता. बिचाऱ्याची मला दयाच येते. विरघळायला कोणाला आवडेल? पण भीती वाटते म्हणण्यापेक्षा अपमान झाला म्हणणं बरं दिसतं. तटावरच्या बाकीच्यांनाही मग आपापले अपमान आठवले.

केंद्रकरावांना कटकट नको असे. त्यांनी लगेच हुकूम काढला, की यापुढे हाकारा तटावरून हलणार नाही. तटावर जयजयकार झाला.

"बरं झालं, माझी कंबर कामातून गेली होती," झुलाबाई म्हणाली आणि झोळीतच आडवी झाली.

आता गंमत बघा. हाकाऱ्याची घडणच अशी, की एकदा ओरडू लागला की तो आपणहून थांबत नाही. आत ओढला तरच थांबतो. सटवाजी ओरडत राहिला, "चोर आला, चोर आला." चोर केव्हाच दुसऱ्या झाडावर गेला होता. मग बाकीचेही ओरडू लागले, कारण सत्कार एकट्या सटवाजीचा का व्हावा?

खिडक्या उघडेनात. गाव घुसमटलं. चोर नसल्यामुळे पिचकाऱ्या आपल्याच भिंतींवर उडू लागल्या. पान पिवळं पडलं, कडेने करपलं.

"सटवाजी, बाबा, गप्प बस," केंद्रकराव कळवळून म्हणाले.

"मला थांबता येत नाही, राव."

"मग झोळीत बस."

सटवाजीने एकदा करपत्या पानाकडे पाहिलं, एकदा तळ्याकडे पाहिलं.

"तळं सोडून काहीही सांगा," तो म्हणाला आणि पुन्हा ओरडू लागला.

झुलाबाईला उठवलं. "ओढते की," ती म्हणाली, "पण आधी हुकूम मागे घ्या."

"हुकूम मागे घेतला तर लोक काय म्हणतील?" केंद्रकराव म्हणाले.

झाडाने मात्र कोणाचं मत विचारलं नाही. एका पानापायी सगळी फांदी कशाला करपवायची, म्हणून त्याने देठाशी पान सोडून दिलं. पान खाली पडलं. तळं फुटून आंबट पाणी गावभर पसरलं आणि सगळेच विरघळले. सटवाजी सर्वांत शेवटी विरघळला. शेवटपर्यंत तो तटावरच होता, हे कबूल करायला हवं.

तात्पर्य: काम झाल्यावर खाली उतरणाऱ्याला कोणी ओळखत नाही. म्हणून मुलांनो, एकदा तटावर चढलात की ओरडत राहा. पान गळालं तर वाऱ्याला नावं ठेवता येतात. तोवर दुसरं पान फुटतं, आणि तिथेही तट असतोच.